संपलेल्या सेलवरचा दिवा

तांदळाची उकड मळून झाली होती. पहिली भाकरी तव्यावर नुकती फुगायला लागली होती, यांच्या डब्यात सुकटीची चटणी भरून ठेवली होती, आणि तेवढ्यात मागच्या दारावर टकटक झाली.

मी दचकलेच. आमच्याकडे मागच्या दारावर कुणी टकटक करत नाही. त्या दाराने येणारी माणसं परसातूनच हाक मारतात, आणि हाक पुरी व्हायच्या आत चुलीपाशी येऊन बसलेली असतात. टकटक करणारा तिकडून येतच नाही. तो पुढून येतो, बेल वाजवतो आणि चप्पल काढू का विचारतो.

दार उघडलं तर जनीकाकी. एक हात चौकटीवर, दुसऱ्या हातात श्रीखंडाचा रिकामा डबा, झाकण लावलेला.

"काकी, तू? आणि टकटक कसली करतेस?"

"म्हटलं, कोन पावणं असंल तर."

"एवढ्या सकाळी कोण पाहुणं असणार?"

"मग मीच पावणी समज," ती म्हणाली आणि भिंतीला हात लावत लावत आत आली. तो हात मला दिसला, पण मी तेव्हा विचार केला नाही. तिनेच म्हटलं, "भाकर जळते गो बाय तुझी." वास तिला माझ्याआधी आला होता.

जनी नामा घरत. आमच्या कुंपणापलीकडे तिचं घर. मी माणगावकडची, लग्न होऊन उरणजवळच्या या गावात आले तेव्हा इथली बोली मला निम्मी कळायची नाही. ती कळायला लागली ती काकीच्या ओट्यावर बसून. साठी ओलांडलेली, अंगाने किरकोळ, केस तेल लावून चापून बसवलेले. बोलताना हात रिकामा ठेवणं तिला जमत नाही. शेंगा सोल, वाती वळ, काही नसेल तर पदराचं टोकच बोटाभोवती गुंडाळ.

तिचं माहेर आणि सासर दोन्ही मिठागरावरचं. इथे आगर म्हणतात. भरतीचं पाणी आत घ्यायचं, उन्हात आटवायचं, मीठ ओढून ढीग घालायचे. लहानपणी तिने डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या. सातवीनंतर शाळा सुटली, आणि गावातली एक बाई तिला तुर्भ्याच्या एका कारखान्यात घेऊन गेली. तिथे ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंग करायचं काम होतं. केसासारखी बारीक तार, प्लास्टिकच्या रिळावर एकाला एक चिकटून वेढे. एक वेढा दुसऱ्यावर चढला की माल बाद. पहिले काही दिवस तिने इतकी तार तोडली की मुकादम म्हणायचा, "पोरी, तू मीठच ओढ." पण नंतर हात असा बसला की ती न बघता वेढे घालायची, शेजारणीशी गप्पा मारत. लग्न झालं, विनेश झाला, तरी ती जात राहिली. मग बाहेरून तयार माल यायला लागला, कंटेनर भरभरून, आणि कारखान्याला कुलूप लागलं.

तो माल ज्या बंदरात उतरतो, त्या न्हावा शेव्याच्या क्रेनी काकीच्या ओट्यावरून दिसतात. तिच्या सासऱ्यांचं आगर आता भरावाखाली गेलंय, वर ट्रेलर उभे असतात. त्यातलाच एक तिचा विनेश चालवतो. काकी हे कधी डोळ्यांत पाणी आणून सांगत नाही. भाताच्या पेजेत मीठ कमी पडलं हे सांगावं तशी सांगते.

कारखाना सुटल्यावर तिच्या हातांना बरीच वर्षं वाइंडिंग मिळाली नाही. मग गावच्या शाळेत हेमाली मॅडम आल्या, विज्ञान शिकवायला. त्यांना मुलांकडून एक छोटंसं यंत्र करून घ्यायचं होतं: संपलेल्या सेलवर दिवा लावायचा. भिंतीवरच्या घड्याळातून काढून टाकलेला सेल असतो ना, तोच. त्यात थोडी धुगधुगी राहिलेली असते, पण एलईडीच्या पांढऱ्या दिव्याला लागतं त्याच्या निम्मंही व्होल्टेज त्यात नसतं. ते वाढवून देणारा कन्व्हर्टर दुकानात तयार मिळतो, अगदी स्वस्त. मॅडमना तो विकत घ्यायचा नव्हता. मुलांनी तो हाताने करावा, म्हणजे आत काय चालतं ते कळेल, असं त्यांचं म्हणणं. पण त्यासाठी बोटाच्या पेराएवढ्या एका काळ्या रिंगेवर दोन तारा एकत्र गुंडाळाव्या लागतात, आणि तिथेच सगळ्यांचं घोडं अडलं. मुलांच्या तारा सैल पडायच्या, गुंता व्हायचा. गावात वाइंडिंग कुणाला येतं का, असं त्यांनी विचारत विचारत काकीचं घर गाठलं.

तेव्हापासून दर शनिवारी काकी शाळेत जाते. रिंगा ती गावातूनच जमवते. बंद पडलेले ते वळ्यावळ्यांचे पांढरे बल्ब लोक तिच्याकडे आणून देतात. ती काचेला धक्का न लावता खालचं प्लास्टिकचं बूड अलगद उघडते, कारण काच फुटली तर आत पारा असतो. आतल्या पट्टीवरून रिंग सोडवून घेते. वाइंडिंगची नवी तार, एक ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टन्स आणि एलईडी, एवढंच काय ते विकत. रिंगेवर वेढे घालून ती मुलांना देते, आणि पुढची जोडणी मुलं करतात, प्लास्टिकच्या पट्टीवर स्क्रू पिळून.

मी एकदा तिला विचारलं होतं, "पण काकी, सेलमध्ये जे नाहीच, ते ही रिंग आणते कुठून?"

"आगराची उघाडी बगितलीस का?" तिने विचारलं. उघाडी म्हणजे बांधातली फळ्यांची दारं, भरतीचं पाणी आत घ्यायची. "पानी वाहतंय वाहतंय, आन् एकदम फळी टाकली. काय होतं? पानी फळीवर आपटून उसळतं. मगाशी गुडघ्याएवढं होतं, ते तोंडावर येतं. पानी तेवढंच, उसळी जास्त. ही रिंग म्हंजे वाहतं पानी, हा ट्रान्झिस्टर म्हंजे फळी. तो टाकतो-काढतो, टाकतो-काढतो, डोळ्याला दिसनार न्हाय इतक्या वेळा. त्या उसळीवर दिवा लागतो."

मुलांनाही ती हेच सांगते. उघाडी न पाहिलेली मुलं आता गावात बरीच आहेत, म्हणून पहिला शनिवार बांधावर जातो.

तर तो श्रीखंडाचा डबा तिने माझ्या ओट्यावर ठेवला. गॅसच्या ओट्यावर, परातीशेजारी. ठेवताना डबा परातीच्या काठावर आपटला.

"हेमालीनं परत दिल्या," ती म्हणाली.

झाकण काढलं तर आत रिंगा. येत्या शनिवारच्या.

"का?"

"लागत न्हाईत. तिनं आधी करून बगितल्या. एक लागत न्हाय, दुसरी लागत न्हाय, तिसरी लागत न्हाय. बिचारी काय वाकडं बोलली न्हाय. 'काकी, या खेपेला तयार मागवू का, तुम्ही जरा विश्रांती घ्या,' अशी बोलली." काकीने पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळायला घेतलं. "विश्रांती घ्या."

मी गॅस बंद केला. भाकरी राहू दे म्हटलं.

या डब्यावर काय पणाला लागलं होतं ते मला ठाऊक होतं. गेल्या दिवाळीत विनेश आणि अमिषा, त्याची बायको, उलव्याहून आले होते. त्यांनी तिकडे फ्लॅट घेतलाय. विनेश ओट्यावर सगळ्यांसमोर आईला म्हणाला, "आवस, पुरे झाला आता. तिकडं चल. लिफ्ट हाय, पानी चोवीस तास हाय. हितं त्या बल्बच्या कचऱ्यात बसून काय करतेस?" काकी हसली होती. "ज्या दिवशी माझी रिंग लागनार न्हाय, त्या दिवशी गपगुमान तुझ्या गाडीत बसीन. तवर नाव काढू नको." सगळे हसले. नामाकाका म्हणाले, "आन् मना काय, ट्रेलरवर बांधून नेनार काय?" हसण्यावारी गेलं खरं, पण विनेश आईचं बोलणं विसरणारा नाही, आणि काकी बोलून मागे फिरणारी नाही. ते घर, तो ओटा, तो शनिवार, सगळं तिने त्या दिवशी रिंगेवर ठेवलं होतं. आणि आता डबाभर रिंगा परत आल्या होत्या.

"देख," ती म्हणाली, "कुठं चुकलंय देख."

मी एक रिंग खिडकीपाशी नेली. काकीने जे जे बघायला शिकवलं होतं ते सगळं बघितलं. दोन तारा, एक फिकट, एक गडद, शेजारी शेजारी, घट्ट. कुठे एकीवर दुसरी चढलेली नाही. फिकट तारेचं डोकं गडद तारेच्या शेपटीला पिळलेलं. सगळ्यांची चूक होते ती इथेच, दोघींची डोकी एकत्र पिळतात आणि मग दिवा लागत नाही. काकीने ती केलेली नव्हती. दुसरी रिंग बघितली. तिसरी.

"काकी, यात काही चूक नाही."

"असंल. बराबर बग."

"वेढे एकदम बरोबर आहेत. तू घरच्या फळीवर लावून बघितल्या नाहीस का, देण्याआधी?"

काकीकडे एक लाकडी फळी आहे. तिच्यावर सेल, ट्रान्झिस्टर, एलईडी सगळं कायमचं बसवलेलं. रिंगेची टोकं स्क्रूखाली धरली की कळतं, लागते की नाही. तपासल्याशिवाय तिने आजवर एक रिंग घराबाहेर दिलेली नाही.

"न्हाय," ती म्हणाली.

"का गं?"

काकीने पदराचा अजून एक वेढा बोटाला घातला. बाहेर कुणाची तरी रिक्षा चालू होत नव्हती, तिचा नुसता घरघर आवाज येत होता. तो थांबला.

"चष्मा आण आणि एकदा तूच बघ," मी म्हटलं.

"चष्म्यानं काय होतंय." तिने पदर सोडला. "काचबिंदू हाय बाय. पनवेलला दाखवलं. मोतीबिंदू असता तर काढला असता. ह्यो काढता येत न्हाय. गेला तो उजेड गेला, हाय तेवढा औषधानं धरून ठेवायचा, असं डाक्टरीन बोलली."

मी तिचा हात धरला.

"कडेचं सगळं गेलंय. मधलं दिसतं, पन धुक्यातून. बारीक असलं की न्हाईच. एलईडीचा तो मुगाएवढा दिवा. दिवसाउजेडी लागला का न्हाय ते मना कळत न्हाय. फळीवर लावून काय करू? रात्री बसले असते तर ह्यानं इचारलं असतं, रात्री का बसतेस, दिवसा काय झालं."

"म्हणजे काकांना माहीत नाही?"

"ह्याला सांगू? पोटात काय ऱ्हात न्हाय ह्याच्या. संध्याकाळपर्यंत उलव्याला पोचतंय. थेंबांची बाटली देव्हाऱ्यात ठेवलीय, तीर्थाच्या बाटलीच्या मागं. देवाजवळचं ह्यो कधी हलवत न्हाय." ती जराशी हसली. "देवाला ठावं हाय, आन् आता तुला."

"मग रिंगा कशा केल्यास?"

"हातानं. वेढं तर मी झोपेत पन घालीन. बोटाला कळतं ना, तार तारेला लागली का न्हाय ते. आता मना वाटतं, बोटाला पन कळंनासं झालं." हे ती इतकं हळू बोलली की मी ऐकू नये असंच तिला वाटत होतं. "टोकं तेवढी मना जमंनात, म्हनून ह्याला दिली."

"टोकं?"

"टोकं खरवडायला. तारेवर वॉर्निश असतं. तांब्यासारखंच दिसतं, पन वॉर्निश असतं. ते टोकाला खरवडलं न्हाय तर आत वीज जात न्हाय. आधी मी ब्लेडनं करायची. आता कुठवर खरवडलं ते दिसत न्हाय, तार तुटते. मग ह्याला म्हटलं, बसून बसून गंजशील, ह्ये काम घे."

मी एक रिंग पुन्हा उचलली. टोकं लखलखीत तांब्याची दिसत होती. नखाने घासली, काही कळेना. बोटाला मात्र काहीतरी ओशट लागलं.

"चल," मी म्हटलं. "काकांकडे जाऊ."

"त्याला बोलू नको काय."

"नाही बोलत. चल."

यांचा डबा तसाच अर्धा भरलेला होता. हे म्हणाले, मी भरतो, तुम्ही जा. मी आणि काकी परसातून निघालो. एरवी ती माझ्यापुढे चालते. आज तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि कुंपणाच्या फटीपाशी पाय चाचपून टाकला. ती किती दिवस अशी चाचपत येत असेल, आणि मी किती दिवस पाठमोरी भाकरी थापत असेन, असं माझ्या मनात आलं.

नामाकाका ओट्यावर मांडी घालून बसले होते. उंच, उन्हाने रापलेले, गुडघ्यापर्यंत धोतर. समोर वर्तमानपत्र, त्यावर वेढे घालायच्या तारेचे तुकडे ओळीने मांडलेले, डाव्या हाताला काचपेपरचा तुकडा, उजव्या हाताला खोबरेल तेलाची वाटी.

"आली का मालकीन," ते म्हणाले. "कामगार सकाळपासून कामावर हाय. चा न्हाय, पानी न्हाय. युनियन काढीन."

"काढ. आधी हजेरी लाव," काकी म्हणाली आणि खांबाला धरून बसली.

"बस गो बाय," त्यांनी मला सांगितलं. "तू पन आलीस शिकायला?"

"बघते कसं करता ते."

"बघ की. नाजूक काम हाय. हिच्या हातात बसत न्हाय आता, मग मना बोलावला." ते हे खुशीत बोलले. काकीने मान फिरवली.

त्यांनी तारेचा एक तुकडा उचलला. कापडाने पुसला, अगदी लहान बाळाचं बोट पुसावं तसा. तेलात करंगळी बुडवून टोकाला लावली. मग तो तुकडा ओळीत ठेवून दिला. काचपेपर होता तिथेच होता. त्याला त्यांनी हातही लावला नाही.

"काका, आणि काचपेपर?"

"तो तिनं दिलाय."

"त्याने खरवडायचं असतं ना टोक?"

"हां, तसं ती बोलली. पैल्या पैल्या डब्याला मी खरवडला पन." त्यांनी आवाज खाली आणला, जणू काकी तिथे नव्हतीच. "पन मना पटला न्हाय. आख्खा जनम आगरात गेला माझा. ह्या खाऱ्या वाऱ्यात लोखंड काय, तांबा काय, सगळ्याला खातो तो. रंग धरून हाय तवर त्याला नख लावायचा न्हाय. आमच्या पंपाचा रंग एकानं खरवडला, नवा लावतो म्हनून. दोन पावसात पंप भुसभुशीत. तांबा उघडा टाकला तर हिरवा पडंल. पोरांची वस्तू हाय, चार वर्सं टिकली पायजे. म्हनून मी खरवडत न्हाय, उलट तेल लावतो. दिसतंय बग कसं, चकचकीत. हिला बोललो न्हाय, उगाच कटकट करील."

मी काकीकडे बघितलं. तिची बोटं, मघापासून पदराभोवती फिरणारी, थांबली होती.

इथे हे सगळेच करतात. माझ्या सासूबाईंनी खिडकीच्या गजांना रंगावर रंग, रंगावर रंग असे थर दिलेत. मी ते गज घासायला घेतले तेव्हा त्या धावत आल्या होत्या. समुद्राच्या कडेला वाढलेल्या माणसाला खरवडणं म्हणजे वस्तू वाऱ्याच्या तोंडी देणं वाटतं. काकी बारा गावचं पाणी प्यायलेली, तुर्भ्यात शिकलेली, टोक का खरवडायचं हे तिच्याकडून सांगायचं राहून गेलं, कारण तिला ते सांगायची गोष्ट वाटलीच नाही.

"विनेशच्या बापसा," ती शेवटी म्हणाली, "ते वॉर्निश अंगावर घेऊन वीज आत जाईल कशी? दार लावून ठेवलंस तू."

"म्हंजे?"

"म्हंजे एक पन रिंग लागली न्हाय. हेमालीनं परत दिल्या."

काकांचा हात वाटीवरच राहिला.

मी डब्यातली एक रिंग घेतली. पिळलेली टोकं सोडवली, काचपेपरच्या घडीत एक टोक धरलं आणि ओढलं. पुन्हा ओढलं. वॉर्निशची बारीक भुकटी वर्तमानपत्रावर पडली आणि खालून खरं तांबं निघालं, गुलाबीसर, फिकट. शेजारच्या न खरवडलेल्या तारेपाशी धरलं तेव्हा कुठे फरक कळला. चारी टोकं झाली, सोडवलेली दोन पुन्हा पिळली, तोवर काकांनीच आतून तपासायची फळी आणली. मी टोकं स्क्रूखाली धरली आणि पिळली.

दिवा लागला. घड्याळातून काढून टाकलेल्या सेलवर, ओट्यावरच्या त्या उजेडात, पांढरा, स्थिर.

काकांनी "अरं!" केलं. मी हसले. आणि काकीने आमच्या दोघांच्या मध्ये कुठेतरी बघत विचारलं, "लागला का?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. फळी तिच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर होती.

"लागला का गो?" तिने पुन्हा विचारलं.

काकांनी फळी उचलली आणि तिच्या तोंडासमोर धरली. "हा बग."

"हां हां, लागला," ती घाईने म्हणाली. तिची नजर फळीच्या कडेवर होती. दिवा मध्ये होता.

काकांनी फळी हळूच डावीकडे सरकवली. तिची नजर होती तिथेच राहिली. त्यांनी फळी खाली ठेवली. समोरच्या रस्त्याने एक ट्रेलर गेला, पत्र्याच्या छपराला जरा कंप आला. तो जाईपर्यंत ते तारेच्या तुकड्यांकडे बघत बसले.

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

"गेल्या पावसाळ्यापासनं."

"बरा होनारा हाय?"

"न्हाय. हाय तेवढा ऱ्हाईल, औषध घातलं तर."

"घालतेस?"

"घालते."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. "मना वाटला, मी रिकामा बसतो म्हनून काम दिलंस तू."

"ते पन खरंच हाय," काकी म्हणाली.

ते हसतील असं मला वाटलं. हसले नाहीत. धोतराच्या सोग्याने तेलाची बोटं पुसली, एकेक बोट. "माझ्या हातनं तुझं नाव गेलं."

"कुठं जातंय. हितंच हाय, ह्या डब्यात. खरवड आता." तिने हात पुढे करून वाटी शोधली आणि बाजूला सारली. वाटी कलंडली, थोडं तेल सांडलं, तिला कळलं नाही. काकांनी ते पायाच्या अंगठ्याने कापड ओढून पुसलं आणि तिला कळू दिलं नाही.

मग ते खरवडायला बसले. मी समोरून टोकं सरळ करून देत होते. काकांचा हात आधी घाबरत होता, काचपेपर नुसता फिरवून ते टोक तिच्याकडे द्यायचे. काकी ते टोक जिभेच्या शेंड्याला लावायची, कधी दोन बोटांत धरून फिरवायची, आणि परत द्यायची. "अजून हाय." पुन्हा "अजून हाय." मग एकदा, "हां. ह्ये तांबं." त्यानंतर ते तांब्यापर्यंत जाऊ लागले. एकेक रिंग फळीवर लागत गेली. दर वेळी काका म्हणायचे, "लागला." जरा मोठ्यानेच, आधी तिने विचारू नये म्हणून. त्यांचं ते "लागला" ऐकताना माझ्याच्याने मान वर करवेना.

डबा भरत आला तेव्हा काका म्हणाले, "पोराला सांगाया पायजे."

"सांगीन."

"तो नेनार तुला."

"रिंग लागली न्हाय म्हनून मी जायची न्हाय, कारन रिंग लागली. आन् रिंग लागली म्हनून डोळ्याचं लपवायची पन न्हाय. मीच सांगीन त्याला, माझ्या तोंडानं. मग काय भांडायचं ते भांडू दोघं." ती थांबली. "शनिवार होऊ दे फक्त."

"शनिवारी काय?"

"शनिवारी शाळा हाय," ती म्हणाली, जणू याहून जास्त सांगायची गरज नव्हती.

काका उठून आत गेले. चहाचं पातेलं आपटल्याचा आवाज आला. साखर कुठं ठेवलीय म्हणून त्यांनी एकदाही विचारलं नाही, स्वतःच डबे उघडून शोधत राहिले. मी निघायला उठले. काकीने श्रीखंडाचा डबा माझ्याकडे दिला, जाताना शाळेत टाक म्हणाली, हेमालीला सांग पुन्हा लावून बग. मी बरं म्हटलं. पण डबा देताना धरलेला माझा हात तिने सोडला नाही.

"बाय, एक काम करशील?"

"बोल ना."

"पोरं लई घाबरलेली असतात गो, जोडताना. स्क्रू पिळला की माझ्या तोंडाकडं बगतात. मी हसले की त्यांना कळतं, जमलं म्हनून. आता त्यांनी दिवा लावला आन् मी तशीच बसून ऱ्हायले, तर त्यांना वाटंल चुकलं." तिने माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली, रिंगेवर ठेवावी तशी. "शनिवारी माझ्या बाजूला बस. कुना पोराचा दिवा लागला की मना हळूच सांग, लागला म्हनून. मना इचारायला लावू नको."